पोपट सगळ्याच प्रिंटरवर छान येतो

सईने मागच्या महिन्यात फोनवर विचारलं, “आजी, घरी चांगले फोटो छापायचेत. कुठला प्रिंटर घेऊ?” मागून तिचा भाऊ नील ओरडला, “प्रिंटर कशाला, फोन आहे की.” तेवढ्यात तुमच्या आईने जेवायला हाक मारली आणि बोलणं तिथेच राहिलं. त्याच आठवड्यात आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले. त्यांना कामाच्या दिवसांतले अनुभव हवे होते. “पण वहिनी, जन्मापासून सुरू करू नका,” असं बजावून गेले. म्हणून सईला उत्तर आणि अंकाला लेख असं एकदमच उरकते आहे. सईला मराठी वाचता येतं. तिने नीलला वाचून दाखवावं आणि तो नको तिथे हसला तरी हसू द्यावं.

इंदूरला कृष्णपुऱ्याहून राजवाड्याकडे येणाऱ्या एका गल्लीत तुमच्या आजोबांचं आणि माझं दुकान होतं. आधी ती फोटो लॅब होती. लोक कॅमेऱ्यातला रोल आणून द्यायचे, आम्ही तो धुऊन फोटो करून द्यायचो. मग मोबाइल आले, रोल यायचे थांबले आणि लॅब चालेनाशी झाली. तेव्हा त्याच जागेत आम्ही प्रिंटर विकायला बसलो. ज्या यंत्रांनी आमची लॅब बंद केली त्यांच्यावरच आम्ही पुढे घर चालवलं. आजोबांना हे लागायचं. लॅबचं जुनं मशीन भंगारवाला घेऊन गेला त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी जेवले, पण चव लागली नाही.

आजोबा दुरुस्ती बघायचे आणि मी काउंटर. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं, त्यामुळे प्रिंटरबरोबर येणारं जाडजूड मॅन्युअल वाचायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मला काहीही अर्धवट वाचून ठेवता येत नाही. गल्लीतले बाकीचे दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचे, “भिया, आँख बंद करके ले जाओ.” मी म्हणायचे, डोळे उघडे ठेवा आणि घरचा एखादा फोटो घेऊन या.

ह्या घरच्या फोटोवर माझा फार भर होता. प्रिंटर कंपन्या दुकानात लावायला जे नमुन्याचे फोटो पाठवतात त्यांत कायम एक पोपट असतो, नाहीतर रंगीत फुगे. पोपट हिरवागार, चोच लालभडक. गिऱ्हाईक बघून खूश. आता तो पोपट आपल्यापैकी कुणी प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. तो खरा किती हिरवा होता कुणाला माहीत? म्हणून पोपट सगळ्याच प्रिंटरवर छान येतो. आपल्या आईचा चेहरा छापा, घरातलं तांब्याचं घंगाळ छापा. तिथे प्रिंटर खोटं बोलायला लागला की लगेच कळतं.

देपालपूरचे एक धान्याचे व्यापारी आले होते. मी त्यांना घरच्या माणसांचा फोटो मागितला. त्यांच्या मोबाइलमध्ये माणसं जवळजवळ नव्हतीच. गव्हाचे ढीग होते. म्हटलं, गहू तर गहू. एका मशीनवर छापून दाखवला. त्यांनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “मैडम जी, ये शरबती नहीं है. शरबती में सोने जैसी चमक रहती है. ये तो कोई भी गेहूँ हो गया.” दुसऱ्या मशीनवर छापला, तर त्यांनी नुसती मान डोलावली आणि तेच मशीन उचललं. पोपट बघून घेतलं असतं तर त्यांनी पहिलं घेतलं असतं, ते जास्त भडक छापत होतं.

सई, तुला कळण्यापुरतं शास्त्र थोडक्यात सांगते. ऑफिसात असतो तो लेझर प्रिंटर फोटोंसाठी घेऊ नकोस. तो अक्षरं सुबक काढतो, पण चेहरे मेणाचे करतो. फोटोला शाई फवारणारा प्रिंटर हवा. त्यातही शाई दोन जातींची असते. एक पाण्यात विरघळलेली, जिचे रंग खुलतात पण उन्हात लवकर विटतात. दुसरीत रंगाचे बारीक कण असतात. ती जरा गंभीर दिसते पण टिकते. भिंतीवर लावायचे फोटो असतील तर दुसरी, अल्बममध्ये मिटून ठेवायचे असतील तर पहिली चालेल. चार रंगांच्या शाईवर काम भागतं, सहा असतील तर त्वचेचा रंग जास्त मऊ येतो. कागद मात्र मशीनला मानवणारा चांगला घे. लोक मशीनवर पैसे घालतात आणि कागदावर वाचवतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रिंटर वापरात ठेव. शाई बारीक छिद्रांतून येते. बरेच दिवस वापरला नाही तर ती छिद्रांतच वाळते आणि फोटोवर रेघा उमटतात.

हे न ऐकणाऱ्यांत पहिले होते आमच्या ओळखीचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी प्रिंटर घेतला, त्यावर क्रोशाचं झाकण घातलं आणि तो दिवाणखान्यात शोभेला ठेवला. चालू व्हायचा फक्त दसऱ्याला. इतर हत्यारांबरोबर त्याचीही पूजा व्हायची, हळदकुंकू वाहून मुहूर्ताचा एक कागद काढला जायचा. एका दसऱ्यानंतर ते मशीन घेऊन आले. म्हणाले, “वहिनी, कागद पुढे सरकत नाही, नुसता कुरकुरतो.” आजोबांनी मशीन उघडलं आणि चिमट्याने आतून अक्षता काढून त्यांच्या तळहातावर ठेवल्या. “सर, पूजा अवश्य करा, पण नैवेद्य ट्रेमध्ये दाखवू नका.” सरांनी ते इतकं गंभीरपणे ऐकलं की पुढच्या वर्षी त्यांनी प्रिंटरच्या शेजारी पाट मांडून त्यावर अक्षता वाहिल्या.

पण सईने विचारल्यापासून मला खरी आठवत्येय ती मेघना.

मेघना साताऱ्याची. नवरा प्रशांत पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून आला, म्हणून ती इंदूरला आली. तिकडे शाळेत शिकवत होती, ते सोडून. इथे ओळखीचं कुणी नाही, हिंदी बोलायची भीती. एकदा महेश्वरला फिरायला गेली आणि तिथल्या साड्या बघून तिच्या डोक्यात आलं की आपल्या गावच्या बायकांना ह्या पाठवाव्यात. साताऱ्याला तिची मावशी होती, मोठा गोतावळा असलेली. मेघनाने साड्यांचे फोटो छापून अल्बम करायचा, मावशीने तो हळदीकुंकवाला मांडायचा, बायकांनी पसंत करायचं आणि मेघनाने ती ती साडी पाठवायची. मोबाइलवर फोटो पाठवून का नाही, असं नील विचारेल. पाठवून बघितले होते. एकीच्या फोनवर साडी लाल दिसायची, दुसरीच्या फोनवर केशरी, आणि मग फोन शेजारी शेजारी ठेवून भांडणं. छापलेला फोटो सगळ्यांना एकच.

ती दोघं प्रिंटर घ्यायला आली तेव्हा प्रशांतने लॅपटॉपवर तक्ता करून आणला होता. कुठलं मशीन एका इंचात किती ठिपके छापतं, हे सगळं त्यात होतं. मी म्हटलं, “ह्याच्यापुढचे ठिपके डोळ्याला दिसत नाहीत हो.” तो म्हणाला, “काकू, पण असलेले बरे.” मेघना म्हणाली, “ह्यांना दिसत नाहीत अशा गोष्टींचीच आवड आहे. समोर दिसतं त्याच्याकडे लक्ष नसतं.” तिने बरोबर एक साडी आणली होती. आम्ही तिचा फोटो छापला, रंग बरोबर आला, आणि ती मशीन घेऊन खुशीत गेली.

काही महिन्यांनी दोघं परत आली. प्रशांतच्या हातात प्रिंटरचं खोकं होतं आणि मेघनाच्या हातात साड्यांची पिशवी. तिने एक साडी काउंटरवर उलगडली. चिंतामणी रंग, निळ्या आणि जांभळ्याच्या मधला. शेजारी तिच्या अल्बममधला फोटो ठेवला.

“काकू, हे मशीन परत घ्या. ही साडी साताऱ्याहून परत आली. ही पण. आणि ही पण. बायका म्हणतात, फोटोत निळी पसंत केली आणि हातात जांभळी पडली. मावशी म्हणते, माझी शोभा होतेय.”

मी साडी बघितली, फोटो बघितला. दुकानात ट्यूब होत्या. त्यांच्याखाली थोडा फरक वाटत होता, पण एवढ्यासाठी कुणी साडी परत करील असा नव्हता.

“घरी तर याहून तंतोतंत जुळतो,” मेघना म्हणाली. “जुळेपर्यंत मी अल्बमला लावतच नाही. तुमच्या दुकानात बरा दिसतो, माझ्या घरी बरोबर येतो आणि साताऱ्याला पोचला की बदलतो. वाटेत टपालवाले रंगवतात का?”

प्रशांत म्हणाला, “मशीनचाच दोष आहे, काकू. मी म्हणत होतो, जास्त ठिपक्यांचं घेऊ या.”

“तू जरा गप्प बस,” मेघना म्हणाली, आणि मग तिचा आवाज उतरला. “चैत्रातलं हळदीकुंकू आलंय. मी मावशीला कबूल केलंय, ह्या वेळी साड्या परत आल्या तर हा उद्योग बंद. हे सकाळी कारखान्यात जातात. मला इथे दुसरं आहे तरी काय?”

आजोबा मागे मशीन उघडून बसले होते. त्यांनी स्क्रू पिळायचं थांबवलं. मी मेघनाला बसवलं, पाणी दिलं आणि एकेक गोष्ट विचारायला लागले.

“फोटो ताडून कधी बघतेस?”

“संध्याकाळी. स्वयंपाक आटोपला की हॉलमध्ये बसते.”

“हॉलमध्ये दिवे कसले आहेत?”

तिने प्रशांतकडे बघितलं. “ह्यांनी हौसेने लावलेत. हॉटेलात असतात तसे, पिवळे.”

“वॉर्म लाइट,” प्रशांत म्हणाला.

“आणि तुझी मावशी अल्बम कुठे मांडते?”

“अंगणात. चैत्रगौरीचं हळदीकुंकू उन्हं उतरायच्या आधी अंगणातच असतं. मांडव घालून.”

“बरं. आता सांग, महेश्वरला तू ही साडी पसंत केलीस, ती दुकानात बसून?”

“छे हो काकू,” मेघना म्हणाली, “साडी कुणी दुकानातल्या दिव्यात बघून घेतं का? दाराशी नेली, उजेडात धरली, मग...”

ती तिथेच थांबली. साडीकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि दोन्ही उचलून थेट दुकानाबाहेर गेली.

साड्या नेसणाऱ्या कुठल्याही बाईला हे शिकवावं लागत नाही. दुकानदार गादीवर साड्यांचा ढीग घालतो, आपण त्यातली एक उचलून दाराशी जातो, कारण दिव्यातला रंग घरी जात नाही. माझी सासू तर रस्त्यापर्यंत जायची आणि दुकानदाराचा माणूस मागे मागे. पण फोटो हातात आला की हेच आपल्याला सुचत नाही. फोटो म्हणजे रंग कायमचा ठरून गेला, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. रेशीम रंगवायचा रंग वेगळा आणि प्रिंटरची शाई वेगळी. पिवळ्या दिव्याखाली दोन्ही सारखे दिसतील आणि उन्हात एकमेकांना ओळखणार नाहीत. मेघना बिचारी रोज संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली बसून, साडीशी जुळेपर्यंत फोटोत निळा रंग वाढवत होती. जितकी मेहनत करत होती तितकी चुकत होती.

आमची गल्ली अरुंद, तिथे ऊन पोचत नाही. म्हणून आम्ही चालत कृष्णपुऱ्याच्या पुलावर गेलो. तिथल्या जुन्या दगडी समाध्यांच्या छत्र्यांवर सकाळचं छान ऊन होतं. मेघनाने साडीचं एक टोक धरलं, दुसरं प्रशांतला दिलं. मी मध्ये फोटो धरून उभी राहिले. आता लपायला जागाच नव्हती. साडी जांभळी आणि फोटो निळा, अगदी शाळेच्या गणवेशासारखा निळा.

एक रिक्षावाला वेग कमी करून म्हणाला, “भिया, साड़ी सुखा रहे हो क्या?” प्रशांतने टोक आणखी वर धरलं, बहुतेक चेहरा झाकायला. त्याच्या मागून स्कूटरवर एक बाई आली आणि थांबलीच.

“ये फोटू इसी साड़ी का है?”

मी हो म्हटलं.

“नहीं है, आंटी जी. फोटू नीला है, साड़ी जामुनी है. कोई भी बता देगा.” मग पदराचं टोक हातात घेऊन म्हणाली, “वैसे साड़ी अच्छी है. देनी है क्या?”

मेघनाने त्या बाईशी हिंदीत बोलायला सुरुवात केली. तिचं हिंदी साताऱ्याचंच होतं, पण बाईला सगळं समजत होतं. प्रशांत माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “काकू, ही इथे आल्यापासून अनोळखी माणसाशी एवढं कधी बोलली नव्हती.”

दुकानात परत आल्यावर आजोबांनी खोकं उघडून मशीन काउंटरवर मांडलं. लॅबच्या दिवसांत आमची एक पद्धत होती. लग्नाचे फोटो करताना आधी नवरीचा एकच फोटो एका कागदावर निरनिराळ्या छटांत काढायचा, एक थोडा तांबूस, एक थोडा पिवळसर, आणि उजेडात बघून त्यातली छटा निवडायची. त्याला आम्ही पट्टी म्हणत होतो. मी मेघनाला तशी पट्टी करायला शिकवली. मी संगणकावर निळा कमी करत, लाल वाढवत गेले आणि प्रत्येक तुकड्याच्या मागे ती स्वतःच्या शब्दांत लिहीत गेली. वांगी. कच्चं जांभूळ. जांभूळ खाल्लेली जीभ. पट्टी निघाली की पुलावर जायचं, ताडून परत यायचं, पुन्हा छापायचं. आजोबा म्हणाले, “आज शाईपेक्षा तुमच्या चपला जास्त झिजणार.” प्रशांत प्रत्येक खेपेला साडीचं टोक धरायला बरोबर आला. शेवटच्या खेपेला त्यानेच सांगितलं, “हे बरोबर आहे.” मेघनाने तपासलं. बरोबर होतं.

“दिसतं तर तुला,” ती म्हणाली.

प्रशांत खोकं तसंच रिकामं घेऊन गेला आणि मशीन उघड्यावर रिक्षात मांडीवर. हॉलमधले दिवे त्याने बदलले नाहीत, त्याला ते फार आवडत होते. पण गॅलरीत एक टेबल लावून दिलं. मेघनाने अख्खा अल्बम नव्याने छापला, दिवसाउजेडी.

चैत्र संपता संपता ती आली तेव्हा मी दारातूनच तिच्या हातांकडे बघितलं. एका हातात आंब्याची डाळ होती आणि दुसऱ्या हातात एक पार्सल.

“परत आली?” मी विचारलं.

“एकच. तीच चिंतामणी.”

आजोबा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बाहेर आले. “रंग नाही जुळला?”

“फारच जुळला,” मेघना म्हणाली. “जिने मागवली तिच्या जावेने नंतर अल्बममधला फोटो बघूनच सांगितलं, हा रंग माझ्याकडे आहे. आत जाऊन साडी घेऊन आली, फोटोशेजारी धरली, तर काडीचाही फरक नाही. आता दोन जावा एकाच रंगात कशा मिरवणार? म्हणून परत. मावशीने सांगितलंय, अशा परत आल्या तर चालतील.”

ती साडी पुढे पुलावरच्या स्कूटरवालीने घेतली. ती आपल्या मैत्रिणींना घेऊन मेघनाच्या घरी आली होती.

आता आम्ही दुकान दुसऱ्याला दिलं आहे. मी फारसं कुणाला प्रिंटर सुचवत नाही. लोक विचारतही नाहीत, सगळे फोटो मोबाइलमध्येच राहतात, आणि मोबाइल बदलला की हरवतात. हे मला खटकतं, पण मी काउंटरच्या मागे नाही म्हटल्यावर कुणाला सांगणार? तुम्हाला सांगते. सई, तुझ्यासाठी टाकीत शाई भरायचा, सहा रंगांचा साधा प्रिंटर पुरेल. घेण्याआधी दुकानात नमुन्याचा पोपट दाखवतील तर बघू नकोस. नीलचा फोटो छापायला सांग, तो शेजारी उभा कर आणि दोघांनाही दाराशी घेऊन जा.

माझ्याकडेही घरात एक प्रिंटर आहे. शाई वाळू नये म्हणून मी दर रविवारी तुमचा एक फोटो छापते. मागच्या रविवारी बर्फातला छापला. सईचा स्वेटर मला मोरपंखी वाटतो, आजोबा म्हणतात बाटलीसारखा हिरवा. नीलचे गाल फार लाल आले आहेत. थंडीने तसे झालेत की माझ्या मशीनने केलेत, हे मला ठरवता येत नाही. मी पट्टी काढली, गॅलरीत जाऊन उजेडात सगळे तुकडे ओळीने लावले, आणि मग लक्षात आलं की जुळवायचं कशाशी? मूळ शेजारी ठेवल्याशिवाय रंग बरोबर आहे असं मी आयुष्यात कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही.

तुकड्यांच्या मागे पेन्सिलने नावं घातली आहेत आणि ते जपून ठेवले आहेत. सुट्टीत याल तेव्हा तो स्वेटर बॅगेत टाका. आत यायची घाई करू नका. थोडा वेळ दाराशीच उभे राहा, मी फोटो घेऊन येते.